दोन वर्षं न खपलेला नांगर, आणि पटवून देण्याची कला

(पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्यालाही वाचायला द्या.)

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. एक नांगर, दोन वर्षं! माल चांगला होता, जमिनीला गरज होती. पण शेतकरी हात लावायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं एकच, लोखंडाने जमीन विषारी होते.

हे ऐकून वर्गातली पोरं हसली. म्हटलं, हसू नका, आपला अख्खा विषय या एका वाक्यात आहे.

कुठला वर्ग, ते सांगतो. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या पोरांना कौशल्याचे विषय घ्यावे लागतात. आपल्या भागातल्या एका कॉलेजने संवादकौशल्य, मार्केटिंग आणि करिअर असा एक विषय ठेवलाय. प्राध्यापकांच्या आग्रहावरून त्यातले सहा तास मी घेतले. पत्रकारितेचा डिप्लोमा आणि वीस वर्षांची बातमीदारी, एवढीच माझी पात्रता. हातात दिलेल्या तयार स्लाइड्समध्ये सगळी उदाहरणं अमेरिकेतली, फोन, शीतपेयं आणि बुटांची. वाईट नव्हती. पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसलेली, सकाळी धार काढून आलेली मुलं त्यात कुठे दिसेनात. म्हणून मी आपल्याच मातीतला इतिहास काढला. नंतर बऱ्याच जणांनी ‘सर, नोट्स द्या’ म्हटलं. ही पोस्ट म्हणजे त्याच नोट्स समजा.

आधी नांगर

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. झालं, चित्रकला संपली. पण रेखाटन उत्तम होतं, म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतंच. ते नुसत्या सायकली विकत नसत, गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवत. त्या काळात सायकल ही बघायची वस्तू होती. जी वस्तू माणसाला वापरता येत नाही ती तो घेणार कशाला? म्हणजे शिकवणं हा विक्रीचाच भाग होता.

मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर नांगर.

आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याचा लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला. मोडला की सुतार नीट करून देणार आणि त्याचा मोबदला सुगीला धान्यात, बलुतं म्हणून. रोख पैसा लागत नाही. नवा नांगर मात्र रोखीचा. ऐन नांगरटीत फाळ तुटला तर गावात कोण नीट करणार? बेळगाव गाठायचं का? आणि एक हंगाम चुकला की वर्ष गेलं. माझं आपलं वाचन असं, की शेतकऱ्याला ही जोखीम नको होती. पण माणूस सहसा ‘मला परवडत नाही’ किंवा ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘लोखंडाने जमीन बिघडते.’

पटवून देण्याचा पहिला धडा हा. समोरचा जे कारण सांगतो, त्याच्या मागे दुसरं एक कारण असतं. पहिल्या कारणावर वाद घालत बसलात तर जन्मभर घालाल. मातीत विष कालवलं जात नाही, हे रसायनशास्त्राने सिद्ध करूनही नांगर खपला नसता. तो शेजारच्या रानात चालताना दिसावा लागतो, त्या रानात पीक उभं राहिलेलं दिसावं लागतं. त्याला हंगामच जावे लागतात. ती दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. विश्वास तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि तो वाचवायचा शॉर्टकट अजून कुणाला सापडलेला नाही.

पुढे बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, भांडवलाला कर्ज दिलं. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आज तो भाग पलूस तालुक्यात येतो, आपल्यापैकी कित्येकजण रेल्वेने तिथून गेले असतील. ज्यांनी ती उभी केली त्यांत शिक्षण अर्धवट राहिलेली माणसं होती. शिक्षा भोगून आलेल्या लोकांना लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण करायला ठेवलं होतं. ‘करिअर’च्या तासाला मी हे मुद्दाम सांगितलं. बायोडेटा नसलेल्या माणसांवर कुणीतरी आधी विश्वास टाकला, म्हणून त्यांचं करिअर झालं. आपण नेहमी घेणाऱ्याचीच कौशल्यं शिकवतो. देणाऱ्याचं, म्हणजे माणूस पारखण्याचं कौशल्य शिकवायचं राहूनच जातं.

फाळक्यांची जाहिरात: एक आकडा खरा, एक फुगवलेला

दुसरं उदाहरण सिनेमाचं. धुंडिराज गोविंद फाळके, त्र्यंबकेश्वरचे, तेही जे. जे. स्कूल ऑफ आर्टचेच विद्यार्थी. सिनेमा काढायचा होता आणि पैसे नव्हते. सावकाराला सिनेमा म्हणजे काय हेच माहीत नाही, तर तो पैसे कशावर देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला. रोज त्याचे फोटो घेतले, महिनाभर. मग ते एकापाठोपाठ एक पडद्यावर दाखवले. बघता बघता बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती बघून पैसे उभे राहिले. शिवाय पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते वेगळेच.

स्लाइड नाही, भाषण नाही, नफ्याचा तक्ता नाही. एक वाटाणा. नमुना दाखवणं याला म्हणतात.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. नंतर तो सुरतेला गेला, तेव्हाची एक हकीकत सिनेमाच्या इतिहासात नेहमी सांगतात. पहिल्या खेळाला गल्ला जेमतेम तीन रुपये. कारण साधं होतं. लोकांना दोन आण्यात सहा तास नाटक बघायची सवय. हा नवा खेळ दीड तासात संपणार आणि तीन आणे घेणार. मग फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यात, असा तिचा आशय होता. गर्दी लोटली.

ही गोष्ट मार्केटिंगचे शिक्षक हमखास सांगतात आणि इथेच थांबतात. मी वर्गात फळ्यावर गणित मांडलं. सिनेमाच्या पट्टीवर एका फुटात १६ चौकटी येतात. सत्तावन्न हजार भागिले सोळा, म्हणजे साडेतीन हजार फुटांहून थोडं जास्त. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. म्हणजे छायाचित्रांचा आकडा बरोबर जुळतो. आता मैल घ्या. एक मैल म्हणजे ५,२८० फूट, दोन मैल म्हणजे १०,५६०. चित्र तर पाऊण मैलसुद्धा भरत नाही!

वर्ग एकदम गप्प झाला. एकाच जाहिरातीत एक आकडा खरा आणि एक तिप्पट फुगवलेला. फाळके मोठेच, त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. त्या अतिशयोक्तीने कुणाचं घर बुडालं नाही, तीन आण्यात खरोखर आश्चर्य बघायला मिळालं. पण सवय लावून घ्या. जाहिरातीतला खरा आकडा बऱ्याचदा खोट्या आकड्याला हात धरून आत आणतो. पहिला पटला की दुसरा कुणी तपासत नाही. आणि तपासायला काय लागलं? एक भागाकार.

१९२० चा जानेवारी

आता एका महिन्यात घडलेल्या दोन गोष्टी. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. लक्ष्मणरावांचे पुतणे, हातात चित्रकला आणि लेखणी दोन्ही. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी हा. आज याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात आणि त्याचे वीस-वीस हजाराचे कोर्स विकतात. शंवाकिंना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं की नांगराचीच स्तुती दर महिन्याला कुणी वाचत नाही. वाचकाच्या उपयोगाचं काही दिलं तर तो तुमचं नाव लक्षात ठेवतो. हळूहळू त्या मासिकातला कारखाना मागे गेला आणि समाज पुढे आला. ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० ला ‘स्त्री’ आलं, १९३४ ला ‘मनोहर’. अंधश्रद्धा, विधवांचे प्रश्न, मुलींचं शिक्षण, विज्ञान या सगळ्यावर तिथे लिहिलं गेलं. नांगर विकायला निघालेल्या मासिकाने मध्यमवर्गीय मराठी घरांचा विचार बदलायला हातभार लावला.

त्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९२० ला, मुंबईत ‘मूकनायक’ सुरू झालं. बाबासाहेब आंबेडकरांचं पहिलं पाक्षिक. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. या पाक्षिकाची जाहिरात छापावी म्हणून ‘केसरी’कडे विचारणा झाली. फुकट नव्हे, पैसे देऊन. ‘केसरी’ने नकार दिला. ही गोष्ट बाबासाहेबांनी नंतर स्वतः लिहून ठेवलेली आहे.

वर्गात या ठिकाणी मी पुस्तकातली सगळी सूत्रं पुसली. ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलंय की पटवून देताना तीन गोष्टी लागतात, बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातलं तर्कशास्त्र. अडीच हजार वर्षं हे शिकवतात आणि ते खरंही आहे. पण त्याच्याही आधी एक गोष्ट लागते. बोलायला जागा. बाबासाहेबांकडे पदव्या होत्या, तर्क होता, भाषा होती, खिशात जाहिरातीचे पैसेही होते. दार बंद होतं. म्हणून त्यांनी आधी स्वतःचं व्यासपीठ बांधलं, ‘मूकनायक’, मग १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. त्याचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहून भरावे लागले.

पोरांना म्हटलं, ‘स्वतःला विकायला शिका’ असं तुम्हाला उठता-बसता सांगतात. विकायला हरकत नाही, पण बाजारात बसायची जागा सगळ्यांना सारखी नसते हे सांगत नाहीत. मुलाखतीत नापास झालेली गावाकडची मुलगी घरी येऊन म्हणते, ‘माझंच कॉन्फिडन्स कमी पडलं.’ दर वेळी तसंच असतं का? कधी दारही अरुंद असतं. हे माहीत असेल तर ती स्वतःला दोष देत बसणार नाही, दुसरं दार शोधेल.

कंदील विकणारा माणूस

आता ज्या माणसासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्याच्याकडे येतो. आपल्या कॉलेजांच्या भिंतीवर त्यांचा फोटो असतो. पांढरी दाढी, अंगावर घोंगडं. कर्मवीर भाऊराव पाटील. दर सप्टेंबरला जयंती होते, भाषणं होतात. पण वर्गात विचारलं, कर्मवीर आधी काय काम करायचे? एकालाही सांगता आलं नाही.

ते फिरते विक्रेते होते.

जन्म १८८७, कुंभोजचा. कोल्हापुरात शिकायला होते, मॅट्रिकपर्यंतही मजल गेली नाही. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. विम्याची एजन्सी केली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा काच कारखाना होता, ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. भाऊरावांनी तो माल गावोगाव फिरून विकला. किर्लोस्करांचे नांगरही विकले. बघा, बेळगावात दोन वर्षं न खपलेला तो नांगर फिरत फिरत कुणाच्या हातात आला!

कंदील विकणारा माणूस घराच्या उंबऱ्यापर्यंत जातो. नांगर विकणारा बांधापर्यंत जातो. कुणाच्या घरात रात्री उजेड आहे आणि कुणाच्या नाही, कुणाचं पोर शाळेच्या वयात गुरं राखतंय, कुठल्या गावात कुणाचा शब्द चालतो, कुठला पाटील देतो आणि कुठला नुसता बोलतो, हे त्याला कळतं. आज कंपन्या याला बाजाराचा अभ्यास म्हणतात. भाऊरावांनी तो पायी केला. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हा कुठल्या गावात मुलं आहेत आणि कुठे शाळा नाही हे सांगायला त्यांना कुणाच्या सर्व्हेची गरज नव्हती.

पण विकायचं काय होतं, ते लक्षात घ्या. नांगराने पीक वाढतं हे एका हंगामात दिसतं. कंदील तर त्याच रात्री दिसतो. शिक्षणाचा फायदा दहा-पंधरा वर्षांनी दिसणार आणि तोटा मात्र आज. पोर शाळेत गेलं की गुरामागचं एक माणूस कमी. वर सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात राहणार, एकत्र जेवणार. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात हे गळी उतरवणं म्हणजे नांगराच्या शंभरपट अवघड काम.

त्यांनी ते कसं केलं? माझ्या लेखी तीन गोष्टी आहेत.

एक, मागणी लहान ठेवली. घराघरातून मूठभर धान्य मागितलं. मूठभर धान्याला गरिबातली गरीब बाईही नाही म्हणत नाही. आणि जिने मूठभर दिलं, तिला ती शाळा आपली वाटते. अशीच युक्ती त्याआधी ‘पैसा फंडा’ने केली होती. माणशी एक पैसा मागून त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. मोठ्या देणगीदाराला नाव लागतं, लहान देणगीदाराला आपलेपणा लागतो.

दोन, पोरांच्या हाताला काम दिलं. ‘कमवा आणि शिका’. बापाला वाटणारी भीती, म्हणजे पोर शिकलं की रानातून जाईल, आयतोबा होईल, तिला हे उत्तर होतं. लक्ष्मणरावांच्या शेतकऱ्यासारखंच इथेही खरं कारण मागे दडलेलं होतं. भाऊरावांनी ते ओळखलं.

तीन, आधी स्वतःच्या घरातून दिलं. साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांच्या जेवणाची अडचण आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. ज्याच्या बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र उरलं नाही, तो दारात उभा राहून मूठभर जोंधळे मागतो तेव्हा त्याला भाषण करावं लागत नाही. ॲरिस्टॉटलची ‘बोलणाऱ्याची पत’ ती हीच. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते साताऱ्याच्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं, तोपर्यंत गावांनी ती पत मान्य केलेली होती.

त्यांनाही फटका बसला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीत ते होते. नफ्यातला वाटा शिक्षणाला द्यायचा असं ठरलं होतं, तो मिळाला नाही आणि ते बाहेर पडले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. करिअरच्या तासाला हाही धडा सांगितला. ठरलं ते कागदावर घ्या, समोरचा कितीही मोठा असो.

दुसऱ्यांचा माल विकता विकता हा माणूस एक दिवस स्वतःचं काम घेऊन त्याच रस्त्याने, त्याच दारांत गेला. आपल्याकडे सेल्समनच्या नोकरीला अजून नाक मुरडतात. पोरगं औषधांचं किंवा खताचं मार्केटिंग करतं म्हटलं की सोयरीक जमवताना आवाज खाली येतो. त्या आईबापांनी कर्मवीरांच्या फोटोकडे जरा नीट बघावं.

न्यूयॉर्कचे दोन मास्तर

आता अमेरिकेकडे वळू, कारण या विषयाचे वर्ग तिथेच वाढले.

डेल कार्नेगीचं पुस्तक तुम्ही बसस्टँडच्या स्टॉलवर मराठीत बघितलं असेल, माणसं जोडायचं शिकवणारं. १९३६ चं ते पुस्तक. त्याआधी १९१२ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये रात्रीचा भाषणाचा वर्ग सुरू केला. ठरलेलं मानधन द्यायला संस्था तयार नव्हती, म्हणून कमिशनवर. एकदा शिकवायचं सामान संपलं, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं की ज्या गोष्टीचा तुम्हाला राग येतो त्यावर उभं राहून बोला. आणि बुजरी माणसं धडाधड बोलायला लागली. याच कार्नेगीने आपल्या आडनावाचं स्पेलिंग बदलून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीसारखं करून घेतलं होतं. म्हणजे वाटाणाही आहे आणि दोन मैलही आहेत.

दुसरा एडवर्ड बर्नेज. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचा भाचा. जनसंपर्काचा विद्यापीठातला पहिला वर्ग त्याने १९२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात घेतला असं मानतात. त्याचं गिऱ्हाईक एक सिगारेट कंपनी. अडचण ही की बायका रस्त्यात सिगारेट ओढत नव्हत्या, म्हणजे निम्मा बाजार बंद. १९२९ च्या ईस्टर मिरवणुकीत त्याने काही तरुणींना चालता चालता सिगारेटी पेटवायला लावल्या आणि पत्रकारांना आधीच निरोप दिला की स्त्रिया ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ पेटवणार आहेत. पेपरांनी बातमी केली. मागे कंपनी आहे हे वाचकाला कळलं नाही. स्त्रियांची स्वातंत्र्याची खरी भूक, आणि तिच्या ताटात वाढली सिगारेट.

पत्रकार म्हणून मला यात सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? ती बातमी छापणारी माणसं माझ्याच धंद्यातली होती. आजही माझ्या फोनवर तयार बातम्या येतात, फोटोसकट, मथळ्यासकट. पाठवणाऱ्याच्या मागे कोण आहे हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि पान लावायची घाई असते.

बर्नेज ज्यू होता. १९३३ मध्ये त्याला कळलं की त्याचं जनमतावरचं पुस्तक गोबेल्सच्या संग्रहात आहे आणि ज्यूंच्या विरोधातल्या प्रचारासाठी वापरलं जातंय. ही गोष्ट त्यानेच आपल्या आत्मचरित्रात लिहिली. हत्यार बनवणाऱ्याला वाटतं मूठ आपल्याच हातात राहील. राहत नाही.

वर्गात काय झालं

कार्नेगीची युक्ती मी चौथ्या तासाला वापरली. राग येतो त्यावर बोला म्हटलं. आधी कुणी उठेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या गावच्या ओढ्यावर ठेंगणा फरशी पूल आहे. पावसाळ्यात पाणी वर आलं की कॉलेज बुडतं, आणि घरचे म्हणतात, ‘बरं झालं, राहा घरी.’ चार मिनिटं बोलली, एकदाही अडली नाही. तिला आतापर्यंत सगळे ‘हिचं कम्युनिकेशन वीक आहे’ म्हणत होते!

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात ‘तरी मेहरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा’ असं सगळं होतं. ते काढलं. गेल्या पावसाळ्यात पूल किती दिवस बंद होता, किती मुलं-मुली पलीकडे जातात, दूध डेअरीला किती दिवस गेलं नाही, हे तिने गावात फिरून, विचारून, मोजून आणलं. दुधाचा मुद्दा तिचाच. म्हणाली, ‘सर, मुलींचं कॉलेज बुडतं म्हटलं तर कोण ऐकणार? दूध नासतं म्हटलं की ऐकतील.’ कर्मवीरांचा धडा पोरीला न सांगता कळला होता. ग्रामसभेत ठराव झाला. पूल अजून झालेला नाही. तो होईपर्यंत तिला हे पुन्हा पुन्हा मांडावं लागेल, आणि तेही याच विषयात मोडतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्गातल्या दोन-तीन मुलांकडे पटवून देण्याचं कौशल्य आधीपासून होतं, कारण ती एका साखळी योजनेत होती. टाय, चकचकीत फाइल, हॉटेलच्या हॉलमधलं सेमिनार, ‘तुझं स्वप्न काय?’ असा पहिला प्रश्न. आधी स्वतः भरायचे, मग मावसभाऊ, मग मित्र, मग शेजारी. अशा पोरांचे आईबाप माझ्याकडे बातमी लावा म्हणून येतात, तोपर्यंत गाय विकून झालेली असते. कायदा आहे. पैशांच्या साखळी योजनांवर १९७८ पासून केंद्राची बंदी आहे. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना पिरॅमिड योजना चालवायला २०२१ च्या नियमांनी मनाई आहे. पण कायदा पोचायच्या आत पोराचा मावसभाऊ पोचलेला असतो.

म्हणून शेवटच्या तासाला मी पोरांकडून तीन प्रश्न वहीत लिहून घेतले. तुमच्यासाठीही देतो. कुणीही काहीही पटवायला आलं, माल असो, पक्ष असो, क्लास असो, गुंतवणूक असो, हे विचारा.

१. मला पटल्यावर माझ्या हातात काय येणार? नांगर, कंदील, शाळा, की नुसतं दुसऱ्याला पटवायचं काम?

२. बोलणाऱ्याने स्वतःचं काय लावलंय? आणि त्याच्या मागे कोण आहे?

३. यातला कुठला आकडा मी स्वतः भागाकार करून तपासू शकतो?

साखळी योजनेतल्या एका मुलाने पहिल्या प्रश्नाशी पेन थांबवलं. बराच वेळ काही लिहिलं नाही. तास संपल्यावर मात्र थांबला आणि म्हणाला, ‘सर, मी अकरा जण जोडलेत. त्यांना आता काय सांगू?’ आम्ही बसून यादी केली, कुणाचे किती गेले, पावती कुणाकडे आहे, तक्रार कुठे करायची. सोपं नाहीये ते. अकरातले सात जण त्याचे नातेवाईक आहेत.

कॉलेजांनी हा विषय जरूर शिकवावा. पोरांना बोलता आलं पाहिजे, मागता आलं पाहिजे, नाही म्हणता आलं पाहिजे. फक्त स्लाइड्सच्या आधी एकदा किर्लोस्करवाडीला, ओगलेवाडीला, काल्याला सहल न्यावी, एवढीच विनंती. तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात.

आणि हो, तुमच्या घरात, माळ्यावर, गोठ्यात जुना प्रभाकर कंदील किंवा लोखंडी नांगर असेल, तर फोटो टाका आणि तो पहिल्यांदा घरी कुणी, कसा आणला ते आजोबा-आजीला विचारून लिहा. पुढच्या बॅचला शिकवायला मला उदाहरणं लागणार आहेत.